खोबरेल तेलाच्या नवमीची बखर

दोन चाकांवर ज्याने जगाचा तोल धरिला, आणि कोणत्याही वळणावर आपण पोहोचण्याआधी जो उभा असतो, त्या मार्गदेवतेस प्रथम दंडवत घालून ही हकीकत आरंभिली. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, ते दिवशी राज्यात नवा घोडा दाखल जाहला, आणि अश्ववैद्य पोपटराव मिस्त्री यांनी घोड्यापाशी उभे राहोन आम्हास बजाविले की, "वहिनी, तेल फक्त साखळीला. पुढच्या चाकाला ही चकचकीत चकती दिसते ना, हा ब्रेक आहे, तिला तेलाचं बोटसुद्धा लागता कामा नये. आणि तुम्हाला एकटीला माहीत असून उपयोग नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा." आम्ही कॉलेजात पदार्थविज्ञान घेऊन पदवी मिळविली, घर्षणाचा धडा आम्हास तोंडपाठ, ऐसा तोरा मनी धरोन उत्तर केले की, "मिस्त्री, एवढं कळतं हो आम्हाला." ते "बरं" म्हणोन हात पुसत निघोन गेले, आणि सांगून ठेवणे राहिले ते राहिलेच.

आता राज्य म्हणजे काय, तर टेकडीच्या उतारावरील इमारतीत तिसरा मजला, दोन खोल्या आणि हॉल. राजे धैर्यशीलराव, आमचे पतिराज. युवराज शर्विल, वय वर्षे साडेतीन. आणि आम्ही युवराजाच्या मातोश्री. आमचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. घोडा म्हणजे क्रूझर म्हणतात ऐसी मोटारसायकल, काळीभोर, बसावयास सखल, हँडल बैलाच्या शिंगांसारखे रुंद, पाय पुढे टाकून आरामखुर्चीत बसल्यासारखे बसावे, आणि चालू केली असता तिसऱ्या मजल्यावरील भांडी मांडणीत किणकिणावी. प्रथम आम्हास तिचा रागच आला. पोटचे पोर घरात असता माणसाने ऐसे जनावर का बाळगावे, हे आम्ही राजांस रोज विचारीत असू आणि राजे रोज हसत. परंतु भीतीचा स्वभाव ऐसा की जी वस्तू भिववते तिच्याकडे नजर सारखी जाते, मग आम्ही तिचे माहितीपुस्तक काढोन वाचू लागलो, आणि वाचता वाचता नवल वाटो लागले. साखळी मधोमध बोटाने उचलावी, एका पेराइतकी हलली तर ठीक, ताठ असली तर तुटेल, सैल असली तर उतरेल. इंजिनाच्या पोटास काचेची एक वाटोळी खिडकी, तीत तेलाची पातळी दिसते, जणू जनावराने आपले पोट आपणच दाखवावे. टायरातील हवा सकाळी, थंड असता मोजावी. हे सर्व कोणी शोधिले असेल, ऐसे वाटे, आणि आम्ही दर रविवारी चिंधी घेऊन खाली उतरू लागलो. राजे म्हणत, "घोडा माझा की तुझा?" आम्ही म्हणत असू, "बसायला तुझा, काळजीला माझा."

मग श्रावणमासी राजांचे तीर्थरूप ज्ञानदेव अण्णा, वय बहात्तर, यांचे राज्यात आगमन जाहले. सासूबाईंस जाऊन वर्ष होत आले होते. अण्णांनी सारी हयात सरकारी लाल बसमध्ये वाहक म्हणोन काढिली, आणि आता तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत एकटेच राहात असत. आल्या दिवशीच पिशवी खाली न ठेविता बोलिले, "सूनबाई, दसऱ्यापर्यंत राहून बघतो. हाताला काही काम राहिलं तर राहीन कायमचा. नुसतं खुर्चीत बसवून चहा देणार असाल तर आपलं घर बरं." आम्हास तर ते कायमचे राहावे ऐसे फार वाटे. युवराज त्यांच्या मांडीवर दोन घास जास्त जेवत, आणि घरात आणखी दोन डोळे असले म्हणजे आमच्या जिवाचा घोर अर्धा होई. परंतु भाजी निवडावी तर त्यांस दिसे कमी, आणि दूध आणावे तर ते घरपोच येई, ऐसा पेच पडला. मग एका रविवारी आम्ही साखळीस तेल देत असता अण्णा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे एकटीनं कशाला करतेस? मी ढकलतो." आणि त्या दिवसापासोन त्यांस काम मिळाले. ते घोडा हात-हात पुढे ढकलीत, आम्ही साखळीच्या कड्यांस तेल देत असू, आणि जेवढा भाग जाहला तेवढा होताच आम्ही म्हणावे, "अण्णा, डबल!" कारण बसमध्ये वाहकाने दोनदा घंटा वाजविली म्हणजे गाडी सुटते. अण्णा खुशीत येऊन ढकलीत आणि म्हणत, "तीस वर्षं मी घंटा मारली, ढकलायला कुणी सांगितलं नाही." टाकी पुसणे त्यांचे, चाकाच्या तारा पुसणे त्यांचे, साखळी आमची, आणि ती चकती कोरड्या फडक्याने पुसणे तेही आमचेच. आम्ही पुशीत असू, परंतु का कोरडे ते मुखाने कधी बोलिलो नाही. सांगावे ऐसे सुचलेच नाही.

ऐसे करिता आश्विन मास आला आणि खंडेनवमी आली. अण्णांच्या घरची रीत ऐसी की नवमीस घरातील लोखंड धुवोन, पुसोन, तेल लावोन पुजावे. त्यांनी पाटावर विळी मांडिली, कात्री मांडिली, त्यांचा तिकिटे टोचण्याचा जुना पंच मांडिला, राजांचा लॅपटॉपही मांडिला, आणि त्यास मात्र राजांनी घाईने तेलापासोन वाचविले. मग अण्णा खोबरेलाची बाटली घेऊन खाली गेले. आम्ही वर पुरणाच्या मागे होतो. खिडकीतून एकदा पाहिले, अण्णा चाकापाशी मांडी घालोन बसले आहेत आणि युवराज शेजारी उकिडवे बसोन विचारीत आहेत, "अण्णा, हे काय?" अण्णा म्हणाले, "हे ह्याचं चक्र. आमच्याकडे नवमीला लोखंड कोरडं ठेवत नाहीत, बाळा." इतके ऐकोन आम्हास कौतुक वाटले आणि आम्ही पुरणाकडे वळलो. ज्या डोळ्यांस काळजीची एवढी सवय, ते डोळे तेवढा वेळ कौतुकात गेले.

दुसरे दिवशी दसरा. घोड्यास सकाळी पुन्हा पाण्याची धार, मग झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, आणि सीमोल्लंघनास राजांनी युवराजास पुढे टाकीवर बसवोन एक फेरी मारावी ऐसे ठरले. युवराज नव्या सदऱ्यात, आनंदाने एका पायावर नाचत. राजांनी हात पुढे केले तोच अण्णांनी युवराजास उचलोन खांद्यावर घेतले आणि म्हणाले, "थांब. आधी तू एकटा जाऊन ये. धुतलेलं जनावर आहे, एक फेरी रिकामी मार, मग पोराला घे." राजे बोलिले, "अण्णा, बस आहे का ही, रिकामी फेरी मारायला?" अण्णा म्हणाले, "वाहक मी आहे. मी डबल दिल्याशिवाय गाडी सुटत नाही." सगळे हसले, युवराज रडो लागले, आणि आम्ही, सदासर्वदा पहारा देणाऱ्या आम्ही, मोबाईल समोर धरोन चित्रफीत काढीत होतो. अण्णांनी तोंडाने "टिंग टिंग" केले. राजे निघाले. इमारतीपासोन फाटकापर्यंत सिमेंटचा उतार. उतारावर त्यांनी पुढला ब्रेक दाबिला, आणि घोडा थांबेना. पुन्हा दाबिला, थांबेना. मग पायाने मागला ब्रेक दाबिला, तो मागले चाक धुण्याच्या पाण्यावर घसरले, आणि राजे घोड्यासह फाटकाच्या खांबावर जाऊन आदळले. पुढील चाक वाकडे, टाकी चेपली, राजांचे उजवे मनगट मोडले. ज्या टाकीवर युवराज बसावयाचे होते तीच टाकी खांबास लागली होती. ते आम्ही पाहिले, आणि मोबाईल तिथेच टाकोन धावलो.

हाडवैद्याकडोन प्लास्टर घालोन आलो तो पोपटराव मिस्त्री घोड्यापाशी बसले होते. त्यांनी चकतीवर बोट फिरविले, नाकास लाविले आणि म्हणाले, "खोबरेल. कुणी लावलं?" राजांनी अण्णांकडे पाहिले. "अण्णा, तुम्ही लावलंत?" अण्णा म्हणाले, "हो. लोखंड आहे, लावलं." राजे ओरडले, "लोखंड आहे म्हणून? ब्रेक आहे तो! तीस वर्षं गाडीत काढलीत आणि ब्रेक कळत नाही? पोरगं बसलं असतं म्हणजे?" अण्णा हळूच म्हणाले, "गाडीत बसून ब्रेक कुठं दिसतो रे." पोरास बसू दिले नाही ते अण्णांनीच, हे कोणासच आठवले नाही. मिस्त्रींनी एक वेळ आम्हाकडे पाहिले. एकदाच. मग मान खाली घालोन पाने-पकडी आवरो लागले. आणि आम्ही बोलिलो नाही. वाटले, आता राजे संतापात आहेत, सकाळी सांगू. अण्णांनी वर येऊन साबणाने तीन वेळा हात धुतले, आणि सकाळी आम्ही उठोन चहा ठेविला तो त्यांची पिशवी घरात नव्हती. पहिल्या बसने गेले होते.

मग आम्ही राजांस सर्व सांगितले. राजे म्हणाले, "हे काल का नाही बोललीस?" त्याच दिवशी अण्णांस फोन लाविला आणि म्हटले, "अण्णा, मिस्त्रींनी मला चैत्रातच सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी आहे." अण्णा हसल्यासारखे जाहले आणि म्हणाले, "पोरी, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून अंगावर घेऊ नकोस. हात माझा होता." शपथ घातली तरी खरे मानीनात. राजांनी फोन केला, माफी मागितली, त्यांसही म्हणाले, "ठीक आहे रे." आता रोज फोन करावा तो रोज "ठीक आहे" इतकेच ऐकू येते. अण्णांच्या शेजारच्या मंगल काकींस विचारिले, त्या म्हणाल्या की अण्णा सकाळी डेपोच्या कँटीनला चहास जात असत ते जात नाहीत, दार लोटलेले असते.

घोडा पुन्हा उभा राहिला आहे. चकती आम्ही आपल्या हाताने स्पिरिटने पुसली, तेल प्यालेले ब्रेकचे पॅड आणि वाकडे चाक मिस्त्रींनी बदलिले, टाकीचा चेप काढिला, आणि यंत्र ऐसे की एका दुपारात सर्व विसरोन पूर्ववत धावो लागले. तेल दोन लोखंडांमध्ये पडले की ती एकमेकांस धरीत नाहीत, हे आम्ही परीक्षेत लिहोन गुण मिळविले होते. चार शब्द मात्र घरातल्या माणसास सांगता आले नाहीत. तात्पर्य, राज्यास घोडा उरला, युवराज उरले, आणि ज्याने युवराज राखिले तो माणूस राज्याबाहेर गेला.

राजांचा हात प्लास्टरात आणि युवराजांस काल कांजण्या उठल्या, सबब आम्हास चार दिवस तरी निघता येत नाही. तरी वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या तालुक्याच्या गावी जाणार असेल, त्यांनी बसस्थानकामागे हिरव्या दाराच्या दोन खोल्यांत ज्ञानदेव अण्णांकडे अवश्य डोकावावे. जेवलात का, ऐसे विचारू नये, "हो" म्हणतील. पाणी पिण्याच्या निमित्ताने आत जावे आणि तव्यास हात लावोन पाहावे. तवा कोमट असला तर आम्हास तेवढे कळवावे. गार असला तर त्यांच्यासमोर बसावे, आणि ते काही खाईपर्यंत उठू नये.