भात शिजाच्या आत मेंडकी

ब्रह्मपुरीच्या धानबाजारातले लटारूभाऊ फटफट्या शेरावर मापत. पाचशे सीसीची फटफटी म्हणजे अर्ध्या शेराची अच्छेर, साडेतीनशेची दीडपाव, अडीचशेची पावशेर आणि सव्वाशेची बिचारी अदपाव. "रेंजरसायबाची दीडपाव सकाळपासून खोकलून राह्यली," असं ते म्हणाले की नव्या माणसाला वाटे, साहेबांचं तान्हं बाळ आजारी आहे.

लटारूभाऊ पेशाने मापारी. राशीपाशी उकिडवं बसायचं, पायली भरायची, तळहाताने सपाट करायची आणि पोत्यात रिकामी करायची. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. पुढे दोन, तीन. शेतकऱ्याचा व्यापाऱ्यावर विश्वास नव्हता, व्यापाऱ्याचा शेतकऱ्यावर नव्हता. दोघांचाही लटारूभाऊंच्या तळहातावर होता. "आपल्या मापात पाप नाई," हे ते दिवसातून चारदा सांगत, आणि कोणी हसत नसे.

मी तेव्हा तिथल्या पोस्टात बाबू होतो, पण बाजार मला मास्तरच म्हणे. माझा अपराध इतकाच, की मला इंग्रजी वाचता येत होतं. मुंबई, मद्रास, कलकत्ता, जिथून मिळतील तिथून लटारूभाऊ फटफट्यांची दरपत्रकं मागवत आणि मी ती त्यांना वाचून दाखवत असे. पहिल्याच दिवशी मी 'पाचशे सीसी' म्हणालो आणि त्यांना ऐकू आलं 'शिशी'. पाचशे शिश्या गाडीवर ठेवतात कुठे, अशी त्यांना रास्त शंका आली. सीसी म्हणजे इंजिनाच्या पोटातली जागा, हे कळल्यावर मात्र ते गंभीर झाले. पोटात किती मावतं हा तर त्यांचाच धंदा. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या काचेच्या मापाने त्यांनी आपले शेर-पावशेर पाणी भरून तपासले आणि निकाल दिला. "पाचशे म्हणजे अच्छेर. वरून चिमूटभर जास्त हाय, ते कंपनीनं वर्ताळा देल्ला."

तेव्हापासून बाजार उठला की पोस्टाच्या ओट्यावर त्यांचं प्रवचन चाले. अदपाव ही बकरी. चारा कमी खाते, पण नांगराला जुंपता येत नाही. पावशेर हा घरजावई. आवाज मोठा, काम बेताचं. दीडपाव सरकारी, सावकाश येते, पण वाटेत थांबवायची कोणाची छाती नाही. अच्छेरचं नाव आलं की ते आवाज खाली आणत. "तो वाघ हाय, मास्तर. अन् पेट्रोलबी वाघावानीच खाते." किमती ते धानाच्या खंडीत सांगत. अच्छेरची किंमत सांगताना अख्ख्या गावाचं पीक लागे. त्यांना स्वतःला सायकलसुद्धा येत नव्हती.

एकदा एका लाकूडठेकेदाराची शर्यतीची अच्छेर निंबाखाली उघडून पडली होती. लटारूभाऊंनी मिस्त्रीची पाठ वळलेली पाहून सिलिंडरात तांदूळ ओतले, तळहाताने सपाट केले आणि शांतपणे म्हणाले, "लाभ." मिस्त्री पाना घेऊन बाजारभर त्यांच्या मागे धावला. पुढे आठवडाभर त्या गाडीच्या धुराला मुरमुऱ्यांचा वास येत होता, असं मी सगळ्यांना सांगत असे. थोडं माझ्या पदरचं असेल.

प्रत्येक गाडीबद्दल त्यांचे दोन प्रश्न ठरलेले. "भात शिजाच्या आत मेंडकी गाठते का?" हा पहिला. मेंडकी म्हणजे त्यांची सासुरवाडी, सात कोसांवर, जंगलाच्या वाटेने. मी बाजारात उठवून दिलं होतं की लटारूभाऊंना सासूच्या पहिल्या पंगतीला पोचायचं आहे. तेही हसत. दुसरा प्रश्न, "मांगची गादी किती रुंद?" हा प्रश्न ते मला प्रत्येक पत्रात लिहायला सांगत आणि मी एकाही पत्रात लिहिला नाही. शर्यतीच्या गाडीला कसली मागची गादी! इंग्रजी त्यांना वाचता थोडंच येणार होतं? कंपनीने याचं उत्तर काऊन दिलं नाही, असं ते विचारत तेव्हा मी कंपनीला नावं ठेवत असे.

मग रेंजरसाहेबांची बदली निघाली आणि दीडपाव विकायला आली. लटारूभाऊ तळ्याखालची आपली एकुलती बांधी विकायला तयार झाले. धानाची अशी जमीन तिकडे कोणी सुखासुखी विकत नाही. पण मापल्याशिवाय माल घेणार नव्हते. ठरलं असं : चुलीवर भाताचा गंज चढवायचा, साहेबांच्या मागे बसून साडेतीन कोस जायचं आणि परत यायचं. सात कोस झाले. आल्यावर शीत कच्चं असेल, तर गाडी घ्यायची. चुलीपाशी साक्षीदार मी.

रविवारी सकाळी फटफटी धूळ उडवत गेली आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. त्यांच्या पत्नी गिरजावहिनी भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसल्या होत्या. मी गमतीत म्हटलं, वहिनी, सासुरवाडीची एवढी घाई कोणाला असते?

"घाई त्याईले नाई, मले हाय," त्या म्हणाल्या. "धानाच्या रोवण्यात पडली ना मी, तवापासून कंबर अशी. भात शिजेपर्यंत बसता येते. मंग आडवं व्हा लागते."

मेंडकीला मोटार जात नव्हती. बैलांच्या खाचराला अर्धा दिवस लागे, आणि प्रत्येक गड्ड्याला त्यांचा जीव जाई. अकरा वर्षं त्या माहेरी गेल्या नव्हत्या. आई होती तिकडे. "आता तिले डोयानं दिसत नाई म्हणते. पण हातानं चाचपून ओयखन मले."

मला कुठे पाहावं ते कळेना. मी गंजाकडे पाहिलं. पाण्याला नुकती उकळी येत होती.

वहिनी थोडा वेळ रस्त्याकडे कान देऊन बसल्या. मग त्यांनी एक सुकं लाकूड चुलीत सारलं. मग दुसरं. फुंकणी घेऊन जाळ केला. मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो.

"बांधी गेली त मांगं खाऊ काय?" त्या हळूच म्हणाल्या. "बुढ्याले सांगू नका, मास्तर."

फटफटीचा आवाज तळ्याकडून आला तेव्हा भाताला खालून करपल्याचा वास सुटला होता. लटारूभाऊ धुळीने पांढरे होऊन आत आले. डोळे लहान पोरासारखे चमकत होते. त्यांनी झाकण काढलं, एक शीत उचललं आणि दोन बोटांत दाबलं. त्याचं पीठ झालं. मग त्यांनी वास घेतला. कोपऱ्यातल्या लाकडांच्या ढिगाकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं आणि सगळ्यात शेवटी बायकोकडे. वहिनी तोवर आडव्या झाल्या होत्या, तोंड भिंतीकडे करून.

खोटं माप त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"शिजला," ते म्हणाले. "दीडपाव कमी पडली."

मग लोटाभर पाणी घेऊन ते वहिनींच्या उशाशी बसले. मी बाहेरच्या ओट्यावर आलो, तेव्हा तेही मागोमाग येऊन बराच वेळ पागोट्याची धूळ झटकत राहिले.

"मास्तर, अच्छेरसाठी लिवा एखांदं पत्र. भाव पाहून ठेवू."

त्याच दुपारी मी पत्र लिहिलं. किंमत, सीसी, वेग, सगळं विचारलं. पण ते नंतर. पहिल्या ओळीत विचारलं, मागची गादी किती रुंद आहे?