नेरेइदाची सिगुआपा

भीती माणसाला उपजत मिळते, असा एक गैरसमज आहे. वस्तुतः ती रीतसर शिकावी लागते. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्था असते, आणि शेवटच्या वर्षी एक लघुपट काढून ती आपल्याला आल्याचं सिद्ध करावं लागतं. (ज्यांना ते जमत नाही, ते लग्नांचे व्हिडिओ काढतात आणि सुखाने जगतात.)

आमच्या बेटावरच्या सान्तियागो शहरातल्या चित्रपटशाळेत भीती हा विषय प्राध्यापक मोंतास शिकवत. भूत दाखवलं की भीती संपते, सबब भूत दाखवू नये, असा त्यांचा सिद्धान्त. त्यांनी स्वतः तरुणपणी काढलेल्या भयपटात भूत नव्हतं, माणसं नव्हती आणि पुढे प्रेक्षकही नव्हते. आम्हाला त्यांच्याबद्दल फार आदर होता.

माझी वर्गमैत्रीण नेरेइदा सिरियाको हिने मात्र भूत दाखवायचं ठरवलं. भूतही आमच्याच डोंगरातलं निवडलं: सिगुआपा. गुडघ्यापर्यंत केस, तोंडातून शब्द नाही, फक्त कण्हणं, आणि पावलं उलटी. तिच्या ठशांवरून माग काढणारा नेमका विरुद्ध दिशेला जातो. (आमच्याकडच्या बऱ्याच सरकारी चौकश्या याच पद्धतीने होतात.)

या लघुपटावर बरंच काही अवलंबून होतं. नेरेइदा नापास झाली, तर तिने मामाच्या टायरच्या दुकानात बसायचं असं घरात ठरलं होतं. आई न्यूयॉर्कला, पोरीला वाढवलं दोमितिला मावशीने. म्हणून सिगुआपाचं काम करायला मावशीच उभी राहिली. सिगुआपा तरुण आणि देखणी असते, हा मुद्दा कोणी काढला नाही. जुन्या बुटांच्या टाचा कापून आम्ही ते तिला उलटे बांधले. अडचण एकच होती. मावशी गप्प राहीना.

"मावशी, सिगुआपा बोलत नाही गं."

"मग माणसाला रानात बोलावते कशी?"

"डोळ्यांनी."

"डोळ्यांनी बोलावलेला एक नवरा माझ्याकडेही आला होता. बघितलंस ना काय निघाला तो!"

कण्हणंही तिला जमेना. भयाण कण्ह म्हटलं, की ती दाढ दुखल्यासारखी कण्हायची आणि वर विचारायची, "बरं झालं का गं?"

रात्रीचे प्रसंग आम्ही भरदुपारी, खिडक्यांना गोधड्या लावून घेत होतो. कारण कलात्मक नव्हतं. आमच्या वस्तीची वीज मोठ्या रस्त्यावरच्या तारेवर आकडा टाकून येते आणि रात्री सगळी वस्ती त्या एकाच तारेवर जेवायला बसते, त्यामुळे दिवे मलूल होतात. दुपारी वीज कशी ताजी असते.

शेवटचा प्रसंग असा होता: सिगुआपा बंद दाराकडे तोंड करून उभी आहे, दारावर थाप पडते, ती कण्हते. कॅमेरा माझ्याकडे होता. थाप नेरेइदा मारणार होती. मी कॅमेरा सुरू केला, आणि थाप पडली.

नेरेइदाचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर होते.

दार करकरत उघडलं. उंबऱ्यावर खांद्यावर शिडी घेतलेला एक माणूस उभा होता. वीज कंपनीचा तपासनीस इसिद्रो. त्याने मावशीला केसांपासून उलट्या पावलांपर्यंत सावकाश न्याहाळलं.

"बाई, पावलं कुठल्या बाजूला असायची ती असोत," तो म्हणाला. "ही तार कुठून आली?"

मावशीच्या तोंडून शब्द फुटला नाही. फुटलं ते कण्हणं. खोल, लांबलचक, अंगावर काटा आणणारं. मग ती सावरली.

"साहेब, कॉफी घ्या."

"कशावर केलीय?"

"गॅसवर."

"मग घेतो."

कॉफी घेता घेता त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. त्याने भांग नीट केला.

"मी आलो का त्यात?"

"शिडीसकट," मी म्हणालो.

"दाखवाल तेव्हा कळवा," तो म्हणाला. तारेचं तोवर राहू दे, असंही म्हणाला.

वस्तीचं म्हणणं पडलं, की तो प्रसंग काढून टाकावा. कंपनीने पाहिला तर सगळी गल्ली अंधारात जाईल. नेरेइदा दोन्हीकडून अडकली. तो प्रसंग काढला तर उरत होती उलटे बूट घातलेली, दाढ दुखणारी एक बाई. शेवटी मावशीच म्हणाली, "ठेव पोरी. माझं तेवढंच चांगलं झालंय. आणि तुला टायर विकताना मला बघायचं नाही."

चर्चच्या दालनात, खिडक्यांना तांदळाची पोती लावून, दुपारी खेळ झाला. वस्ती झाडून आली. पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून इसिद्रो, शेजारी त्याची बायको. मागे प्राध्यापक मोंतास. सिगुआपा पडद्यावर आली आणि हशा पिकला. "अगं दोमितिला, केस कुणाचे आणलेस?" "बूट उलटे झालेत बघ!" नेरेइदाने माझा दंड इतका आवळला, की वळ उठले.

मग दारावर थाप पडली आणि शिडी दिसली.

तशी किंकाळी मी त्याआधी ऐकली नव्हती. म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढले. एकाच्या हातातली तळलेली केळी पुढच्या रांगेत उडाली. तिघे जण आकडे काढायला घरी पळत सुटले. इसिद्रो उठला आणि त्याने प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. वाकताना त्याची नजर प्रोजेक्टरच्या वायरवर गेली, तिच्यामागून खिडकीबाहेर गेली आणि खांबावर जाऊन थांबली.

कोणीतरी हळूच विचारलं, "काढू का साहेब?"

"थांबा. हिने मला नीट बघितलं नाही. परत लावा."

परत लावला. किंकाळी तेवढीच आली. मग त्याने बाहेर जाऊन स्वतः शिडी लावली आणि तार कापली. टाळ्या अंधारातच झाल्या.

पुढे वस्तीत रीतसर मीटर आले आणि बरेच दिवस नेरेइदाशी कोणी बोललं नाही. तिला मात्र पहिला क्रमांक मिळाला. खरं भूत न दाखवण्याचा आपला सिद्धान्त या विद्यार्थिनीने पुरेपूर पाळला आहे, असं प्राध्यापकांनी जाहीर केलं. टायरच्या दुकानातल्या खुर्चीवर मामा स्वतःच बसले. मावशी हल्ली आपण नटी असल्याचं सांगते. बोलून.

हा लघुपट आता दूरदूरच्या महोत्सवांत दाखवतात. तिथली सुशिक्षित मंडळी हसून विचारतात, की एका शिडीवाल्या माणसाला एवढं घाबरण्यासारखं काय आहे? आपणही हसला असाल. जरूर हसावं. ज्याच्या घरी अवेळी बेल वाजल्यावर "आधी कोण आहे बघ, मग सांग मी घरी नाही," असं कोणी कुजबुजत नाही, त्याने तर पोटभर हसावं.

त्या गृहस्थाला एकदा भेटायची आमच्या वस्तीची फार इच्छा आहे.