पाणी, टायटॅनियम आणि माझा डावा गाल

चेहऱ्याला काहीही लावण्याआधी बाटलीमागचं वाचायचं, असं मी ठरवलं आणि तिथेच घोटाळा झाला. माझ्या वर्गातल्या मुली आधी लावतात, मग आरशात बघतात आणि सुखी असतात. मी आधी वाचते. (म्हणूनच बाई मला हुशार म्हणतात आणि मैत्रिणी काहीच म्हणत नाहीत.)

शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वागताचं भाषण करायला या वर्षी माझी निवड झाली होती. भाषण मीच लिहिलं होतं. हजेरी देतानाही माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नाही, पण हे भाषण मला करायचं होतं. का, ते विचारू नका. आपल्याकडे एकदा तरी सगळ्यांनी बघावं असं वाटतं आणि कुणी बघितलं की टेबलाखाली जावंसं वाटतं, तसलाच प्रकार. मी ते इतक्या वेळा म्हटलं होतं की आमच्या आरशालाही पाठ झालं असेल.

आदल्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेतलं.

"भाषण उत्तम आहे हं. फक्त उद्या चेहऱ्याला जरा फाउंडेशन लावून ये. स्टेजवर एवढे लाइट असतात ना, त्यात तुझा चेहरा... म्हणजे दिसत नाही."

"लाइटमध्ये दिसत नाही, बाई?"

"मला काय म्हणायचंय ते तुला कळतंय. नाहीतर मग परी आहेच."

परी आमच्याच वर्गात आहे. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण आता बाईसुद्धा तिला परीच म्हणतात. लाइट गेले तरी तिचा चेहरा दिसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर फाउंडेशनच्या दोन बाटल्या उभ्या होत्या. एक आईची, औषधाच्या दुकानातून घेतलेली, टोपण तडकलेली. दुसरी आत्याची, काचेची आणि इतकी जड की हातात घेतल्यावर आपणच हलके वाटावं. आत्या आमच्याकडेच राहते आणि एका ऑफिसात रिसेप्शनवर बसते. तिथे फाइल उशिरा आली तरी चालते, चेहरा वेळेवर यावा लागतो.

"माझं लाव गं," आत्या म्हणाली. "वहिनीचं ते स्वस्तातलं लावशील तर तोंडभर पुरळ येईल."

"तुझं लावलं तर महिनाभर तुझे टोमणे येतील," आई म्हणाली. "त्यापेक्षा पुरळ बरं."

भांडण वाढू नये म्हणून मी भिंग आणलं. (मी भांडण मिटवायला जे जे आणते, त्यानेच ते वाढतं.) दोन्ही बाटल्यांमागचे बारीक अक्षरांतले घटक मी वाचू लागले.

"जे सगळ्यात जास्त असतं ते आधी लिहितात," मी म्हणाले. "दोन्हीत पहिलं पाणी."

"माझ्यातही पाणी?"

"तुझ्यातही. मग सिलिकॉन. मग टायटॅनियम डायऑक्साइड. मग आयर्न ऑक्साइड."

"ते काय असतं?"

"गंज."

"गंज?" आत्या ओरडली. "मी रोज तोंडाला गंज लावून ऑफिसला जाते?"

"शुद्ध केलेला असतो."

"आणि माझ्यातलं कमळ? खोक्यावर एवढं मोठं फूल छापलंय!"

"आहे ना. सगळ्यात शेवटी. खराब होऊ नये म्हणून जे औषध घालतात, त्याच्याही खाली."

"म्हणजे किती?"

"कमळ बाटलीच्या शेजारून गेलं असेल, तेवढं."

आईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, पण हसू ग्लासात मावेना. "अगं, दुकानदाराने तुला चांगलाच चुना लावला की!"

"चुना नाही, टायटॅनियम," मी दुरुस्ती केली. आत्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी भिंगाच्या मागे गेले. त्यामुळे माझा एक डोळा तिला आणखीच मोठा दिसला असणार.

दोन्ही बाटल्यांवर रंगाचं नावही एकच होतं: नॅचरल. मी दोन्ही मनगटांवर एकेक थेंब लावून पाहिला. पीठ चाळताना शिंक आलेल्या माणसाचे असावेत तसे हात दिसू लागले. नॅचरल म्हणजे नैसर्गिक, एवढं इंग्रजी मला येतं. फक्त निसर्ग कुणाचा, ते बाटलीवर लिहिलेलं नव्हतं.

"हिच्या रंगाचं येतच नाही," आत्या म्हणाली. आवाजात वाईटपणा नव्हता. चपलेच्या दुकानात मापाबद्दल सांगतात तशी ती म्हणाली.

इतका वेळ बाबा कोपऱ्यात जेवत होते. बाबा रंगाच्या दुकानात काम करतात. लोक उशीची खोळ, चहाची बशी, भिंतीचा निघालेला तुकडा असं काहीही घेऊन येतात आणि बाबा त्यावरून हुबेहूब शेड बनवून देतात. आमच्या घरात ते फारसे बोलत नाहीत, कारण आमच्या घरात त्यांना बोलायची संधी मिळत नाही.

"टायटॅनियम म्हणालीस का गं?" त्यांनी घास थांबवून विचारलं. "आमच्याकडे गोणीने येतं. सगळ्या रंगांतलं पांढरं तेच. आणि आयर्न ऑक्साइड म्हणजे लाल नि पिवळा. हा तर रंगच की!"

एवढ्या तुलनेतून निष्कर्ष असा निघायला हवा होता की दोन्ही बाटल्या सारख्या आहेत. बाबांनी त्यांच्या दुकानातला रंगही त्यात धरला आणि निष्कर्ष काढला की तिन्ही सारखे आहेत.

त्यांनी हात धुतले, पिशवीतून शेड कार्ड काढलं आणि माझ्या गालाला लावून एकेक पान उलटू लागले. पहिल्या पानांवर 'मोत्याची पहाट' आणि 'सायीचं स्वप्न' होतं. मी बरीच मागे सापडले. माझं नाव होतं 'जुनं लाकूड'.

"छान शेड आहे," बाबा म्हणाले. "हल्ली फार चालते. हॉलला."

मग एका वाटीत आत्याचं फाउंडेशन (आत्या म्हणाली, "गंजच आहे, घे सगळं!"), त्यात स्टेनरचे, म्हणजे भिंतीच्या रंगाला छटा देणाऱ्या अर्काचे, थेंब: लाल, पिवळा, किंचित काळा. पण तेल आणि पाणी एकमेकांवर रुसले आणि मिश्रण फाटलं. तेव्हा बाबांनी डब्यातलं चमचाभर इमल्शन त्यात घातलं. "आता धरेल," ते म्हणाले.

"अहो, ती भिंत नाही," आई म्हणाली.

"म्हणून तर इंटिरिअरचं घेतलंय."

बाबा कधीही अख्खी भिंत आधी रंगवत नाहीत. आधी पट्टी मारून बघतात. त्यांनी बारीक ब्रश घेतला आणि माझ्या डाव्या गालावर एक चौकोन मारला. मी हातातल्या आरशात पाहिलं आणि बघतच राहिले. रंग इतका जुळला होता की गाल कुठे संपतो आणि चौकोन कुठे सुरू होतो ते मलाच कळेना. जी शेड येतच नाही असं सगळे सांगत होते, ती बाबांनी आमटीच्या वाटीत बनवली होती. त्या क्षणी मला भाषणाची अजिबात भीती वाटली नाही.

तो क्षण ओला होता. मग तो वाळला.

इमल्शन वाळलं की गडद होतं हे बाबांना पक्कं माहीत होतं. गाल किती गडद करतो, याचा मात्र त्यांना अनुभव नव्हता. अर्ध्या तासात माझ्या गालावर काळपट तपकिरी चौकोन तयार झाला. कडा इतक्या सरळ, की पाहणाऱ्याला वाटावं आत फ्यूज बॉक्स आहे.

आईने साबण लावला, तेल लावलं, मग शेवटी राग लावला. माझा गाल लाल झाला, चौकोन तसाच.

"वॉशेबल आहे ना हा?" तिने दरडावून विचारलं.

"हो. म्हणजे कितीही धुतला तरी जात नाही," बाबा म्हणाले. या वाक्यात त्यांना थोडा अभिमान वाटला, तो त्यांना लपवता आला नाही. "आता दुसऱ्या गालावरही मारला तर निदान मॅच—"

"खबरदार!"

मी गालावर रुमाल धरून शाळेत गेले. दाताच्या डॉक्टरांकडून आलेय असं वाटावं म्हणून थोडी कण्हलेसुद्धा. स्टेजमागे बाईंनी रुमाल बाजूला केला.

"हे काय आहे?"

"फाउंडेशन, बाई."

त्यांनी फार विचार केला नाही. इतका कमी केला, की तो आधीच करून ठेवलेला असावा असं मला वाटलं. परी नवा ड्रेस घालून समोरच उभी होती. स्नेहसंमेलनात तिला एकही काम नव्हतं, तरी तिचे केस मात्र तासभर खर्चून बांधलेले होते.

"पण बाई, मला हे पाठ नाही," परी म्हणाली. ती वाईट मुलगी नाही. तिला खरंच पाठ नव्हतं. कागद बघून वाचायला सांगितलं, तर माझ्या लिखाणातल्या 'ऋणानुबंध' या शब्दाला ती तीन ठिकाणी अडखळली.

घड्याळ पुढे चाललं होतं. बाईंनी दुसरा माइक माझ्या हातात दिला आणि मला पडद्याच्या मागे उभं केलं. "ती पुढे ओठ हलवेल, तू मागून बोल. मोठ्याने हं."

मोठ्याने, असं मला कुणी सांगितलं की माझा आवाज आणखी बारीक होतो. पण समोर फक्त पडद्याची मागची बाजू होती, ठिगळं आणि शिवणी. माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं. मी बोलले. प्रत्येक शब्द जिथे जायचा तिथे गेला. हसायच्या जागी लोक हसले, गप्प व्हायच्या जागी गप्प झाले. शेवटी टाळ्यांचा असा पाऊस पडला की पडदा हलला. त्या फटीतून मला दिसलं, परी वाकून नमस्कार करत होती.

मी पडद्यामागे टाळ्या संपेपर्यंत थांबले. त्यापुढेही थोडा वेळ थांबले. मग रुमाल धुतला, तोंडावरून फिरवला आणि बाहेर गेले.

हॉलबाहेर पालकांना चहा देत होते. आमच्या घरचे तिघे एका खांबाशी उभे होते. आत्याच्या चेहऱ्यावर आज गंज नव्हता आणि त्यामुळे ती ओळखू येत नव्हती.

"ऐनवेळी तुला बदललं म्हणे," आत्या म्हणाली. "बरंच झालं, मनाला लावून घेऊ नकोस. काय बोलली गं ती मुलगी! काय आवाज, काय उच्चार!"

"मला आवाज ओळखीचा वाटला," आई माझ्याकडे बघत हळूच म्हणाली.

"वहिनी, माइकवर सगळ्यांचे आवाज सारखेच येतात. पण असं बोलायला धीटपणा लागतो." आत्या माझ्याकडे वळली. "शिक जरा तिच्याकडून. नुसत्या बाटल्या वाचून काही होत नाही. तू घरात तरी कधी तोंड उघडतेस का?"

आता सांगायचंच, असं मी ठरवलं. मी दीर्घ श्वास घेतला, सगळं बळ एकवटलं आणि तोंड उघडलं.

डाव्या गालावर काहीतरी तडकलं. तपकिरी रंगाचा एक पापुद्रा सुटला, हवेत एक गिरकी घेतली आणि आत्याच्या चहात पडला.

आत्या किंचाळली. त्यात माझं वाक्य वाहून गेलं. बाबांनी मात्र शांतपणे तिच्या कपातून तो पापुद्रा बोटाने काढला, उजेडाकडे धरला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या गालाकडे नजर टाकली.

"रंगाचा दोष नाही," दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात त्या आवाजात ते म्हणाले. "भिंतीतच ओल आहे. पुढच्या वेळी आधी वॉटरप्रूफिंग करून घेऊ."