लावऱ्यांची चाल आणि नव्वद जणांचा वाद्यवृंद

एका जंगलात, बाळांनो, चार लावऱ्या राहत होत्या. लावरी म्हणजे गवतात राहणारा, मुठीत मावेल एवढा पक्षी. दिवस कलला की चौघी मिळून एक चाल गायच्या. चारशे पावसाळ्यांपूर्वीची. चौघी चार वाटांनी निघायच्या आणि शेवटी एका सुरावर भेटायच्या. ती ऐकली की गवतात पांगलेली पिल्लं मुकाट घरी यायची. चालीचा एवढाच उपयोग होता.

एके दिवशी प्रभंजन गवा तिथे आला. तो दूरच्या जंगलातून वाद्यवृंदापुढे उभं राहून छडी हलवायला शिकून आला होता.

"काकू, काय चाल आहे हो!" तो थोरल्या ठकूकाकूंना म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, हे मी मुद्दाम सांगतो. "पण बिचारी फार एकटी पडलीय."

"एकटी कुठली? चौघी आहोत की आम्ही."

"मी नव्वद जण देतो."

आणि दिले की! बारा हत्ती, वीस कोल्हे, झांजांवर माकडं. सुतारपक्ष्यांना तर अख्खा साग दिला. दोन मिनिटांची चाल पाऊण तासाची झाली. मध्ये एक वादळही घातलं. मूळ चालीत वादळ नव्हतं, पण हत्तींना काम हवं होतं.

कार्यक्रमात लावऱ्यांना पहिल्या रांगेत बसवलं. शाल आणि श्रीफळ दिलं. शाल अंगावर पडताच चौघी दिसेनाशा झाल्या.

"अहो, पण आम्ही गायचं कधी?" शालीखालून ठकूकाकूंनी विचारलं.

"सत्कारमूर्तींनी गायचं नसतं, काकू," निवेदक पोपट म्हणाला. "बरं दिसत नाही ते."

मग नव्वद जण चालीवर तुटून पडले. ससे रडले. वाघ टाळ्या वाजवत उभा राहिला, म्हणून सगळेच उभे राहिले. पुढे महिनाभर रोज संध्याकाळी प्रयोग झाला आणि रोज सत्कार झाला. पिल्लं हत्तींच्या मागे बसून ऐकायची.

एकदा हत्तींना सर्दी झाली आणि प्रयोग रद्द झाला. पिल्लं गवतात पांगली. नेमकं त्याच गवतात मुंगूस शिरलेलं ठकूकाकूंनी पाहिलं.

चौघींनी घाईघाईने चाल धरली. गवत हललं नाही. पुन्हा गायल्या. इतकी भीती ठकूकाकूंना जन्मात वाटली नव्हती.

तेवढ्यात आतून त्यांचं थोरलं पिल्लू ओरडलं, "आई, ही सुरुवातच ना? हत्ती आले की येतो!"

ठकूकाकूंनी चाल सोडली आणि अशी काही शिवी हासडली, की ती मी तुम्हाला सांगणार नाही. सगळी पिल्लं धूम पळत घरी आली. मुंगूसही दचकून पळालं.

झुडपामागे प्रभंजन उभा होता. त्याच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. सध्या तो त्या शिवीसाठी दीडशे जण शोधतो आहे.

तात्पर्य: बाळांनो, वाडवडिलांची चाल जपायची असेल, तर ती जरा बेसूरच गावी. सुरात गाणाऱ्याचा सत्कार होतो.