भोंग्याचे कान

दाब हा माझा विषय आहे! पंपांच्या कारखान्यात मी दिवसभर दाबच मोजत असतो. कुठला व्हॉल्व्ह कधी कुरकुरणार, हे नुसता कान लावून सांगतो. त्यामुळे आमच्या सहा महिन्यांच्या चिरंजीवांना विमानातून न्यायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "त्याच्या कानांची काळजी तू करायचीच नाहीस. ते खातं माझं!"

चिरंजीवांचं नाव तसं भारदस्त आहे. पण आवाज असा, की सगळे त्याला भोंगा म्हणतात.

बायकोचं लक्ष दुसरीकडेच होतं. आदल्या रात्री तिच्या भावाचा, दादाचा, दवाखान्यातून फोन आला होता. बाबांचं काही खरं नव्हतं. नातवाला त्यांनी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेलं. "एकदा मांडीवर द्या," एवढंच म्हणत होते म्हणे. ती तेव्हापासून रडली नव्हती, नीट जेवलीही नव्हती. भोंग्याचे कपडे घड्या घालून पिशवीत भरत होती आणि पुन्हा बाहेर काढत होती. मी ठरवलं, निदान प्रवासात तरी तिला शांत बसू द्यायचं. सर्दीने माझं नाक चोंदलं होतं, पण मोहिमेवर निघालेला सेनापती शिंका मोजत नाही!

योजना सोपी होती. विमान वर चढताना आणि खाली उतरताना बाळाने गिळत राहायचं, म्हणजे कानांतला दाब मोकळा होतो. म्हणून दुधाच्या दोन बाटल्या घेतल्या. एक चढणीची, एक उतरणीची.

विमान हललं. मी बाटली भोंग्याच्या तोंडाला लावली. विमान थांबलं! पुढे विमानांची रांग होती. भोंगा मात्र रांगेबिंगेत थांबणाऱ्यातला नाही. त्याने घटाघटा बाटली संपवली, ढेकर दिली आणि विमान उडायच्या आत गाढ झोपला.

"झोपला. बरं झालं," बायको म्हणाली.

"बरं कसलं? झोपेत माणूस कमी गिळतो! कानांना दडे बसले तर?"

"अरे, राहू दे ना."

पण दाब हा माझा विषय! मी भोंग्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. त्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि असा सूर लावला, की पुढच्या रांगेतल्या टकलू काकांचा चष्मा नाकावरून घसरला. गडबडीत त्याची रबरी चोखणी पडली आणि सीटांखालून घरंगळत पार मागे गेली.

"कान दुखतायत त्याचे!" पलीकडच्या आजी म्हणाल्या.

"तेच तर सांगतोय मी!"

मग उतरणीची बाटली चढणीलाच काढली. ती बंद केली होती जमिनीवर आणि उघडत होतो आभाळात. आत दाब किती असेल, हे जगात कुणाला कळायला हवं होतं? मला! मी झाकण फिरवलं. फुस्स! दुधाची पिचकारी सरळ टकलू काकांच्या टकलावर. काका सावकाश वळले. कपाळावरून ओघळ येत होता.

"विमान गळतंय का हो?" त्यांनी विचारलं.

एरवी बायको हसून लोळली असती. ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर पांढऱ्या ढगांखेरीज काही नव्हतं.

विमान उतरू लागलं. दूध संपलेलं, चोखणी हरवलेली. भोंगा मुठी तोंडात कोंबून किंचाळत होता. शेवटी बायकोने त्याला छातीशी घेतलं, पण तो तोंड फिरवू लागला. मी म्हटलं, आता प्रात्यक्षिक! नाक घट्ट दाबलं, गाल फुगवले आणि चोंदल्या नाकाने जोरात फुंकलं. "बघ बाळा, असं करायचं!" भोंग्याने काही केलं नाही. माझ्या दोन्ही कानांत मात्र कुणीतरी बूच मारलं. जग एकदम विहिरीच्या तळाशी गेलं.

विमान टेकलं. फोन चालू केला, तर लगेच दादाचा फोन. बायकोच्या हातात भोंगा, म्हणून मीच घेतला.

"हॅलो! काय? मोठ्याने बोल रे!"

दोन्ही कानांत बूच, त्यात शेजारी भोंगा. पलीकडून दादा काहीतरी बोलत होता, थांबत होता. माझ्या वाट्याला शेवटचे शब्द आले, "...बाबांना घरी आणलंय."

"घरी आणलं?" मी ओरडलो. "अगं, बाबांना घरी आणलंय! सुटले दवाखान्यातून!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा हसली. आजींनी हात जोडले. काकांनी ओल्या टकलावरून हात फिरवत मला मिठी मारली, "मग आमची आंघोळ कारणी लागली म्हणायची!"

टॅक्सीत ती सारखी बोलत होती. मी अर्धंमुर्धं तिच्या ओठांवरून ओळखत होतो. बाबा भोंग्याला बघून काय म्हणतील, आधी त्याचे कान बघतील, कारण तिच्या माहेरच्यांचे कान मोठे, असं काहीतरी. तिने दादाला पुन्हा फोन लावला. तो लागला नाही. "गडबडीत असेल," मी म्हणालो.

घराबाहेर माणसं उभी होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बायकोचं बोलणं मध्येच तुटलं. तिने मला काही विचारलं नाही. भोंग्याला माझ्याकडे दिलं आणि टॅक्सीचं दार उघडून धावत घरात गेली.

मी मागोमाग गेलो. बाबांना हॉलमध्ये खाली ठेवलं होतं. बायको त्यांच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होती आणि मला ते नुसतं दिसत होतं. तिच्याजवळ जावं, तर जायला तोंड नव्हतं.

सासूबाई उठल्या. त्यांनी भोंग्याला घेतलं. तो पुन्हा किंचाळला, हे त्याच्या तोंडावरून कळलं. त्यांनी सवयीने त्याच्या तोंडात बोट घातलं, खालच्या हिरडीवरून फिरवलं आणि थांबल्या.

 मी आवंढा गिळला. टक् झालं आणि कान मोकळे झाले.

"कान नाही हो जावईबापू," सासूबाई म्हणत होत्या, "दात येतोय ह्याला." आणि मग, वर्षानुवर्षांच्या सवयीने, त्या बाबांकडे वळल्या, "अहो, ऐकलंत का? नातवाला दात आला."



"हो, ऐकलं!" मी म्हणालो. बहिऱ्या माणसासारखा, खूपच मोठ्याने.