चार बोटांची पाचर

स्वयंपाकघराची खिडकी वाजायला लागली तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत बसायला हवं होतं. गेली सोळा वर्षं घरात काहीही वाजलं, गळलं किंवा मोडलं की मी वर्तमानपत्रच वाचत आलो आहे, आणि आमचा संसार टिकला आहे तो त्यामुळेच. पण त्या रविवारी मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे. मी उठलो आणि म्हणालो, "थांब, मी बघतो."

मूळ विषय खिडकीचा नव्हे, ओट्याचा आहे. माझी बायको उंच आहे. (माझ्यापेक्षा किती, ते आमच्याकडे बोलायचं नाही असं ठरलेलं आहे.) घर बांधणाऱ्याने ओटा मात्र बुटका केला होता, आणि त्याच्यापुढे वाकून वाकून सोळा वर्षांत तिची कंबर कामातून गेली. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "गोळ्या देतो, पण खरं औषध म्हणजे ओटा बदला." म्हणून त्या रविवारी सकाळी मिस्त्री आले.

मिस्त्री म्हणजे पांढऱ्या मिशा, कानावर पेन्सिल आणि चाळीस वर्षांत एकही माप न चुकल्याचा लौकिक. टेपला ते हात लावत नाहीत. प्रत्येक घरासाठी एक लांब लाकडी पट्टी आणतात, तिचं एक टोक जमिनीला टेकवतात आणि बाकी सगळ्या उंच्यांच्या नुसत्या खुणा करतात. "आकडा लिहिला की चुकतो, ताई. खुणेला चुकता येत नाही." मग त्यांनी बायकोला कोपर वाकवायला लावलं, कोपराखाली आपली मूठ धरली आणि मुठीखाली पट्टीवर खूण केली. नवा ओटा तिथे येणार होता. "पट्टी इथेच ठेवतो, उद्या कारखान्यात नेतो," असं म्हणून त्यांनी ती दारामागे उभी केली आणि गेले.

हे सगळं मला नंतर कळलं. ते चाललं होतं तेव्हा मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो.

तर, दुपारी खिडकी वाजायला लागली. तिला एक पाचर मारली की काम होईल, एवढं मलाही कळत होतं. लाकूड शोधलं तर दारामागे एक फालतू पट्टी दिसली. शेजाऱ्यांची करवत आमच्याकडे तीन वर्षं पडून होती. मी पट्टीच्या खालच्या टोकाचा चार बोटांचा तुकडा कापला, खिडकीत ठोकला आणि खिडकी गप्प झाली. उरलेली पट्टी मी पुन्हा दारामागे नीट उभी केली. (मी व्यवस्थित माणूस आहे.)

बायको येऊन खिडकीकडे बघत राहिली. "अहो, जमलं की तुम्हाला!"

सोळा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. पुढचे तीन आठवडे मी त्याच्यावर जगलो. ऑफिसात चार जणांना मी लाकूडकामाबद्दल सल्लेही दिले.

त्या तीन आठवड्यांत जुना ओटा फोडला गेला. घरभर धूळ झाली. शेगडी गॅलरीत गेली, ताटं माझ्या टेबलावर आणि पातेली पलंगाखाली. बायको एका शब्दाने कुरकुरली नाही. "आता थोडेच दिवस," एवढंच म्हणायची आणि कंबरेवर हात ठेवायची.

अखेर मिस्त्रींनी ओटा आणून बसवला. काय काम होतं ते! खण बोटाने ढकलले तर लोण्यासारखे सरकत होते. बायकोने फळीवरून हात फिरवला, सुरी घेतली, एक कांदा ठेवला आणि वाकली. तशीच थांबली.

"मिस्त्री," ती हळूच म्हणाली, "हा जुन्याएवढाच आहे."

"असं कसं होईल ताई?" मिस्त्रींनी पट्टी आणून लावली. ओटा खुणेला तंतोतंत होता. मग त्यांनी तिच्या कोपराखाली मूठ धरली. मूठ आणि फळी यांच्यामध्ये चार बोटं राहिली.

बायकोचे डोळे कांदा न चिरताच भरून आले. मिस्त्री तर मटकन खाली बसले.

"पट्टी बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणजे खूण करणारा हातच चुकला. मुलगा कधीचा म्हणतोय, बाबा, आता पुरे. खरंच पुरे झालं." आणि ते एकेक हत्यार फडक्यात गुंडाळायला लागले. रंधा गुंडाळताना त्यांनी तो एकदा गालाला लावला.

माझी नजर पट्टीवरून खिडकीकडे गेली आणि पाचरीवर थांबली.

खोटं कशाला सांगू, आधी मी गप्प बसलो. बोललो असतो तर "जमलं की तुम्हाला" कायमचं गेलं असतं, आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. तेवढ्यात बायको डोळे पुसत म्हणाली, "असू द्या मिस्त्री. चुकतो माणूस कधीकधी. मी वाकेन, सवय आहे मला." हे ऐकल्यावर मला माझीच लाज वाटली. मी खिडकीतली पाचर उपटली. खिडकी दाणकन आपटली. पाचर मी मिस्त्रींच्या हातात दिली.

त्यांनी ती पट्टीच्या टोकाला लावून पाहिली. पाचरीसकट पट्टी ओट्याशी धरली, तर खूण फळीच्या चार बोटं वर गेली.

"तुम्ही?" बायकोने विचारलं.

"मीच," मी म्हणालो. "पण कापलं सरळ होतं."

"सरळ?" मिस्त्रींचा चेहरा उजळला होता. "टोक बघितलं होतं मी, साहेब. मला वाटलं उंदराने कुरतडलंय!" त्यांनी मला चक्क मिठी मारली. चाळीस वर्षांची अब्रू परत मिळालेला माणूस कुणालाही मिठी मारतो. "ताई, काळजी करू नका. खाली चार बोटांची चौकट घालतो. दोन दिवसांचं काम."

बायको मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. ही नजर मी ओळखतो.

"अहो, इकडे या. ओट्यापुढे उभे राहा. कोपर वाकवा."

मी वाकवलं. मिस्त्रींनी मूठ धरली. मूठ फळीवर नेमकी टेकली.

"बघा मिस्त्री," बायको म्हणाली, "माप बरोबरच आहे. माणूस चुकीचा उभा होता. चौकट राहू द्या."

तेव्हापासून त्या ओट्यापुढे मी उभा असतो. सकाळचा चहा, भाज्या, भांडी, सगळं माझ्याकडे. बायकोची कंबर दीड महिन्यात बरी झाली आणि ती बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचते. मिस्त्री येता-जाता चहाला डोकावतात, तो मीच करतो.

खिडकी पुन्हा वाजते आहे. पाचर मिस्त्रींनी पुरावा म्हणून मुलाला दाखवायला नेली, ती परत आलीच नाही. परवा मी मुकाट्याने करवत शोधायला लागलो. ती सापडली. चौकटीऐवजी बायकोने मिस्त्रींकडून एकच फळी जास्तीची करून घेतली होती, अगदी वर, स्वतःच्या हाताच्या मापाने. तिच्यावर करवत ठेवलेली आहे. मी टाचा उंच करून पाहिलं. माझा हात चार बोटं कमी पडतो.