गोदाकाकूंचं नाक

चिखलीच्या आमच्या इमारतीत गोदाकाकू कुणाची बेल वाजवत नाहीत. जिन्यात उभ्या राहतात, डोळे मिटून लांब श्वास घेतात आणि बंद दारातूनच फोडणीचा निकाल देतात.

"तेल किती गं घालतीस? कढई हाय का हौद?"

मग बायका दार उघडून हुज्जत घालतात. काकू खूश.

ही इमारत काकूंच्याच शेतावर उभी आहे. बिल्डरने तळमजल्यावर फ्लॅट दिला, पण काकू अजून शेतातच वावरतात. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या ओट्याकडे बघून एकदा म्हणाल्या, "हितं खाली आमची मेथी व्हती. तू मेथीवर तरंगतीस बघ." तेव्हापासून सकाळी कुकरची वाफ खिडकीवर साचली, की मला खाली दवाने भिजलेले वाफे दिसायला लागतात.

मी लातूरची, चाकणच्या कंपनीत कामाला. स्वयंपाक मला काकूंनीच शिकवला. "भाजीचं पाणी फेकलं, तर भाजी खातीस कशाला?" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. साखरेला त्या "इख", म्हणजे विष, म्हणतात आणि स्वतःच्या चहात दोन चमचे घालतात.

आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून त्या दिवशी घरोघरी तळण. गुरुवारी काकू मजल्यामजल्यावर थांबून रागावतात आणि कधी चुकत नाहीत.

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीने सुट्टी रविवारवर ढकलली. गुरुवारी दुपारच्या शिफ्टला जायच्या घाईत मी शेपू टाकला. त्याचा वास पार तळमजल्यापर्यंत गेला असणार. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, "पुऱ्या व्हय गं? तेल बघ जरा!"

मी दार उघडलं. "काकू, शेपू आहे."

त्या पायरीवर बसल्याच.

"करोना झाल्यापास्नं वासच येत न्हाई मला. वार बघून सांगते. कुणाला बोलू नको गं. नाक गेलं म्हणल्यावर दार कोण उघडंल मला?"

मी हाताला धरून त्यांना आत आणलं, भाकरी आणि शेपू वाढला. डोळे मिटून त्या सावकाश चावत राहिल्या.

"कसा झालाय, सांग की," त्या म्हणाल्या.

"मऊ झालाय. मुगाची डाळ, हिरवी मिरची."

त्यांनी आणखी एक घास घेतला. मग मान डोलली.

"आला बघ वास! लसूण अगदी बराब्बर पडलाय."

घाईत मी लसूण घालायलाच विसरले होते.

"तुम्हीच शिकवलंत ना, काकू," मी म्हणाले आणि त्यांच्या ताटात आणखी शेपू वाढला.